पिल्लाच्या उंचीवरून

"टाचणीऽ! अगं ए टाचणे! खाली ये लवकर! पिल्लं उलटी गेली!"

खालून येणारा तो आवाज रेडिओचा होता. रेडिओ म्हणजे समुद्रकाठच्या या निवासात उतरलेल्या पाहुण्यांचा मुलगा. आल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याने जो तोंडाचा पट्टा सुरू केला, तो ताटं उचलली तरी थांबेना. तेव्हा त्याच्या आईनेच हसत सांगून टाकलं होतं, "घरी आम्ही याला रेडिओच म्हणतो. फक्त याला बंद करायचं बटण नाही!"

टाचणी एकेक पायरी गाळत जिना उतरली. तिला टाचणी म्हणायचे ते अंगकाठीवरून. पण कोणी फार जवळ आलं की ती टोचतेही, असं तिच्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

किनाऱ्यावर सगळे जमले होते. वाळूत कासवाच्या घरट्याचा खड्डा उघडा पडला होता. त्यातून निघालेल्या इवल्या इवल्या पावलांच्या रेघा समुद्राकडे जायच्या सोडून थेट झाडांकडे गेल्या होत्या. राखणदार दादा झुडपांखाली ओणवा होऊन बादलीत पिल्लं गोळा करत होता. रेडिओची धाकटी बहीण चिंगी त्याच्या मागे मागे फिरत "इथे एक! दादा, इथे अजून एक!" म्हणून ओरडत होती. बरीच सापडली. काही सापडलीच नाहीत, आणि खेकड्यांची बिळं तिथून जवळच होती.

निवास चालवणाऱ्या काकांनी मान वर करून माडीवरच्या खिडकीकडे पाहिलं. मग मावशीने पाहिलं. मग राखणदाराने. काकांनी निवास बांधताना सगळ्या खोल्यांच्या खिडक्या मुद्दाम मागे बागेकडे ठेवल्या होत्या. समुद्राकडे उघडणारी ही एकच खिडकी राहून गेली होती, आणि त्या खोलीत टाचणी झोपत होती.

"काका, मी दिवा नाही लावला!" टाचणी म्हणाली.

"मग काय खेकड्यांनी लावला?"

"पण तुम्हीच तर बल्ब काढून नेलाय ना!"

"टॉर्च आहे की तुझ्याकडे!" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ते रागावले की चष्मा वर जायचा. "अगं, हे जीव अंड्यातून बाहेर आले की जिकडे उजेड तिकडे निघतात. अंधाऱ्या रात्री समुद्र चकाकतो, म्हणून ते समुद्राकडे जातात. तुझ्या एका दिव्यापायी त्यांचा जीव जातो! मागच्या वेळीही तेच झालं."

मागच्या वेळचं खरं होतं. टाचणी सुटीसाठी इथे मावशीकडे आली त्या पहिल्या रात्री तिने दिवा चालू ठेवला होता. अनोळखी खोली, उतरत्या छपराखालचा अंधार आणि खाली एकसारखा गरजणारा समुद्र. ती घाबरली, आणि दिवा तसाच ठेवून झोपी गेली. सकाळी एका घरट्यातली पिल्लं अशीच भरकटलेली सापडली. ती खूप रडली. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी काळोखात, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसायची. टॉर्चला तिने हातही लावला नव्हता. पण तिने हात लावला नाही, हे बघायला तिथे होतं कोण?

"आता शेवटचं एकच घरटं राहिलंय," काका म्हणाले. "ते आज-उद्या फुटेल. त्याचंही असंच झालं, तर मी तुला वसतिगृहात परत सोडून येणार. तुझ्या आईला मी सांगेन काय सांगायचं ते."

"अहो, सुटीत तिथे कोण आहे?" मावशी हळूच म्हणाली.

"कासवांनाही कोण आहे आपल्याशिवाय?"

यावर मावशी गप्प बसली. सुटीतलं वसतिगृह टाचणीने पाहिलं होतं. मागच्या सुटीत आईचं दूरच्या गावातलं प्रशिक्षण नुकतंच सुरू झालं होतं आणि बाबा नेहमीप्रमाणे बोटीवर होते, तेव्हा ती तिथेच राहिली होती. गाद्या गुंडाळलेल्या रिकाम्या खाटांची रांग, आणि मधल्या एका खाटेवर ती. जेवणघरात तिच्या एकटीच्या चमच्याचा आवाज घुमायचा. तिथे तिला परत जायचं नव्हतं.

ती होडीच्या आडोशाला जाऊन बसली. थोड्या वेळाने तिथे चार पाय येऊन उभे राहिले.

"आम्ही इथे बसलो तर चालेल?" रेडिओने विचारलं.

"किनारा काही माझ्या मालकीचा नाही."

ती टोचली. पण त्याला कारण होतं. पाहुणे म्हणजे आज आले, उद्या गेले. मैत्री करायची, पत्ते लिहून घ्यायचे आणि मग वाट बघत बसायचं, त्यापेक्षा न केलेली बरी, असं टाचणीने ठरवून टाकलं होतं. ही दोघं आल्यापासून ती त्यांना टाळतच होती.

"तू दिवा लावला होतास का गं?" चिंगीने विचारलं.

"नाही!"

"मग नाही लावलास," चिंगी म्हणाली, आणि शेजारी बसून वाळूत बोटाने कासव काढू लागली.

टाचणीने मान फिरवली. सकाळपासून तिला जे कोणी म्हणालं नव्हतं, ते या दात पडलेल्या पोरीने किती सहज म्हणून टाकलं! डोळ्यांत आलेलं पाणी तिने वाऱ्यावर ढकललं आणि बाहीने पुसलं.

"तर मग प्रश्न असा," रेडिओ सुरू झाला, "की तू नाही, खेकडे नाहीत, मग उजेड आला कुठून? मला वाटतं चाचे असतील! किंवा तस्कर! किंवा पाणबुडी! पाणबुडीला पुढे दिवा असतो की नाही—"

"पाणबुडी झाडात कशी येईल, दादा?" चिंगीने विचारलं.

रेडिओ तेवढ्यापुरता बंद पडला. टाचणी मात्र ताडकन उठली.

"झाडात! पिल्लं झाडांकडे गेली, पण नेमकी कुठे गेली? चला, रेघा पुसायच्या आत बघू!"

कपडे धुण्याच्या खोलीजवळची वाळत घालायची दोरी रेडिओने सोडून आणली. चिंगीने एक टोक खड्ड्यापाशी धरलं. टाचणी दुसरं टोक घेऊन पावलांच्या रेघांवरून सरळ चालत गेली, आणि दोरी ताठ झाल्यावर तिने वर पाहिलं.

"खिडकी कुठे आहे?"

"डावीकडे! खूपच डावीकडे!" रेडिओ नाचायला लागला. "पिल्लं तुझ्या खिडकीकडे गेलीच नाहीत! ती गेलीत..." त्याने दोरीच्या रोखाने डोळा लावला. "त्या दोन झाडांच्या मधून, कपडे धुण्याच्या खोलीकडे!"

तिघं धावत काकांकडे गेली. काका छपराची डागडुजी बघत होते.

"दोरी?" ते म्हणाले. "अरे, वाऱ्याने ठसे हलतात. पोरखेळ पुरे आता. आणि ती दोरी होती तिथे बांधा, चादरी वाळायच्यात!"

दोरी बांधता बांधता टाचणीने आजूबाजूला नीट पाहिलं. ती खोली म्हणजे बसकी, सपाट गच्चीची इमारत. आत साबणाचा वास, दोन मोठी पिंपं, आणि चादरी पिळत असलेल्या ताई. बाहेरच्या भिंतीवर ना दिवा, ना खांब, ना वायर.

"ताई, गच्चीवर काय आहे हो?"

"पाण्याची टाकी. आणि तुझ्या काकांचा खजिना!" ताई हसल्या. "काही म्हणून फेकू देतात का ते? मोडक्या खुर्च्या काय, जुने नळ काय, सगळं वर नेऊन ठेवतात. आधी टाकीभोवती झावळ्यांचा आडोसा तरी होता. तोही काढला."

"कधी काढला?"

"तू आलीस ना, त्याच सुमाराला. जेवणघराचं छप्पर गळत होतं, त्यावर घातल्या त्या झावळ्या."

टाचणीने कान टवकारले. "आणि वर दिवा आहे?"

"छे गं! वायरच नाही वर."

गच्चीवर जायची शिडी छपराच्या कामासाठी नेलेली होती. तिघं हात हलवत परत आली. आता करायचं काय? संध्याकाळी येऊन बघायचं म्हटलं, तर सूर्य बुडाला की निवासाची घंटा वाजायची. मग किनाऱ्यावर पाऊल टाकायचं नाही, पडदे ओढून आत बसायचं, असा काकांचा कडक नियम. राखणदार तेवढा फेरी मारायचा, आणि त्यालाही आजवर काही दिसलं नव्हतं.

"सगळे नियम पाळतात," टाचणी विचार करत म्हणाली, "म्हणून तिथे उजेड पडत असला तरी तो कोणाला दिसणारच नाही."

"म्हणजे आपण नियम मोडायचा!" रेडिओचे डोळे चमकले.

"आपण दोघांनी. आणि चिंगीने माझ्या खोलीत बसायचं."

"एकटीने? अंधारात?" चिंगी दोन पावलं मागे सरकली.

टाचणी तिच्यासमोर उकिडवी बसली. "हे बघ. अंधार बघायचा नाही, समुद्र ऐकायचा. लाट येते, थांबते, परत जाते. तिच्याबरोबर श्वास घ्यायचा. मी रोज तसंच करते."

"रोज? एकटीच?"

"हो."

चिंगीने मान डोलावली. "बरं. मग मी आज तुझ्या वाटणीचं करते."

घंटा वाजली. पडदे ओढले गेले. माडीवरच्या अंधाऱ्या खोलीतून गाण्याच्या भेंड्यांचा आवाज येऊ लागला. एक बारीक आवाज, एक घोगरा आवाज आणि एक टाचणीसारखा चिडका आवाज! तिन्ही आवाज चिंगी एकटीच काढत होती, आणि खाली मोठी माणसं "पोरं छान रमलीत हो!" म्हणून चहा पीत होती.

उलट्या होडीखाली टाचणी आणि रेडिओ दडून बसले होते. राखणदार दादा गुणगुणत पुढून निघून गेला. उजेड विझत विझत निळा झाला, मग करडा. दोघं बाहेर आली आणि झाडांकडे टक लावून उभी राहिली. पानांच्या काळ्या भिंतीपलीकडे काहीच नव्हतं.

"काही नाही," रेडिओ पहिल्यांदाच कुजबुजला. "चल परत. पकडले गेलो तर माझी आई मला घरी जाईपर्यंत बोलू देणार नाही."

टाचणी हलली नाही. ती उघड्या खड्ड्याकडे बघत होती. एवढीशी ती पिल्लं, तळहातावर मावणारी. त्यांची आई अंडी घालून कधीच समुद्रात परत गेलेली. घ्यायला कोणी नाही, वाट दाखवायला कोणी नाही. डोळे उघडायचे आणि दिसेल तिकडे चालू लागायचं.

दिसेल तिकडे! पण त्यांना दिसतं ते कुठून?

तिने धपकन वाळूत अंग टाकलं. पालथी, पोटावर, हनुवटी जमिनीला टेकवून.

"अगं, काय झालं? चक्कर आली?"

"रेडिओ," टाचणी म्हणाली. "खाली झोप. माझ्यासारखा."

रेडिओही पालथा झाला. झाडांच्या फांद्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर पडद्यासारख्या लोंबत होत्या. उभं राहिलं की नजर पानांवरच आपटायची. पण जमिनीलगत, फांद्यांच्या खालून, दोन बुंध्यांच्या मधोमध सरळ वाट मोकळी होती. त्या वाटेच्या टोकाला, धुण्याच्या खोलीच्या गच्चीवर, एक पांढरा ठिपका लागला. मग दुसरा. मग तिसरा. बघता बघता दिव्यांची अख्खी ओळ आपोआप उजळली.

"आईशप्पथ!" रेडिओ म्हणाला.

"कोण आहे तिकडे?"

कासवांना त्रास होऊ नये म्हणून लाल काच लावलेल्या टॉर्चचा उजेड त्यांच्या अंगावर पडला. काका! मागून राखणदार, आणि त्याच्या मागे रडवेली चिंगी. "मी काय करू?" ती हुंदके देत म्हणाली. "तुझा आवाज काढताना मला खोकला आला, आणि मग तिघांनाही आला!"

"नियम म्हणजे काय गंमत वाटते तुम्हाला?" काकांचा चष्मा कपाळावर गेला. "टाचणी, मी तुला सकाळीच सांगितलं होतं! आता सामान बांध!"

टाचणी उठली नाही. तिला भीती वाटत होती, पण उठलं तर सगळं संपेल हेही कळत होतं.

"काका, झोपा."

"काय?"

"इथे. वाळूत. पालथे झोपा. मग मी सामान बांधते. नक्की बांधते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, पण ते कण्हत, कुथत गुडघ्यांवर आले आणि पोटावर आडवे झाले. राखणदार तोंडावर हात दाबून हसू आवरत होता.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि हनुवटी वाळूला टेकवली.

"अरे देवा," काका वाळूतच म्हणाले. "हे तर माझे दिवे!"

पुढे एकच धावपळ उडाली. राखणदाराने शिडी आणली. गच्चीवर मोडक्या खुर्च्यांच्या पलीकडे, टाकीला लागून, बागेतले जुने सौर दिवे उभे होते. कासवांना त्रास नको म्हणून काकांनीच ते वाटांवरून उपटून काढले होते. चांगली वस्तू फेकायची नाही, म्हणून पुसून, नीट ओळीत, डोकी आकाशाकडे करून ठेवले होते. दिवसभर ते ऊन खायचे आणि अंधार पडला की इमानेइतबारे लागायचे. आडोसा होता तोवर उजेड आतल्या आत राहिला. झावळ्या निघाल्या, आणि तो सरळ किनाऱ्यावर पडू लागला.

"यांना बटण नाही?" रेडिओने विचारलं.

"आहे," काका खालच्या आवाजात म्हणाले. "खाली, तळाशी. मी ते कधी दाबलंच नाही. ना वायर, ना बिल, ते बंद करायचे असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी एकेक दिवा उलटा करून बंद केला, आणि वरून ओली चादर टाकली, जणू काही ते पुन्हा उठतील! मग ते टाचणीकडे वळले. "तू सांगत होतीस, आणि मी ऐकलं नाही. माझं खापर मी तुझ्या डोक्यावर फोडत राहिलो. चुकलं माझं, पोरी."

टाचणीला खूप काही बोलायचं होतं. पण तिला नुसतं रडू आलं. मावशीने तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मीसुद्धा गप्प बसले. तेही चुकलंच."

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर काकांनी उभं राहून सगळ्या पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली, स्वतःच्या फजितीसकट. "मी इतकी वर्षं कासवं राखतोय," ते म्हणाले, "पण कासवासारखं बघायचं सुचलं ते या मुलीला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राखणदार दादाने तिघांनाही शंखाची एकेक शिट्टी दिली, आणि रेडिओने ती लगेच फुंकून सगळ्यांचे कान किटवले.

आणि दुपारी पाहुण्यांना न्यायला जीप आली.

टाचणीला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही पायात काटा मोडावा तसं ते लागलं. रेडिओ जीपमध्ये चढेपर्यंत बोलत होता, आणि मग एकाएकी गप्प झाला. चिंगीने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"रात्री भीती वाटली तर मी समुद्र ऐकीन. पण आमच्याकडे समुद्र नाही."

"मग पंखा ऐक," टाचणी म्हणाली. "पंखाही चालतो."

जीप वळणाआड गेली. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथेच उभी होती. पाहुणे जाणारच होते, आणि ती मागे राहणारच होती. पण मैत्री केली नसती तर बरं झालं असतं, असं मात्र आज तिला वाटलं नाही.

त्या संध्याकाळी घंटा वाजल्यावर काका स्वतः तिला बोलवायला आले. शेवटच्या घरट्यावरची वाळू खचली होती. ती, काका, मावशी आणि राखणदार, चौघंही लांब पालथी झोपून राहिली. झाडांच्या बाजूला गच्च काळोख होता. वाळू हलली, एक डोकं वर आलं, मग दुसरं, आणि मग उकळी फुटावी तशी पिल्लं भराभर बाहेर पडली. क्षणभर ती थबकली. मग एकामागून एक समुद्राकडे वळली. कोणी त्यांना सांगितलं नाही, कोणी त्यांचं बोट धरलं नाही. लाट आली आणि त्यांना घेऊन गेली.

तेवढ्यात निवासाच्या कार्यालयातला फोन वाजला. या वेळी फोन आईचाच असायचा; टाचणी वाळूने माखलेली तशीच धावत गेली.

"आई!"

"किती धापा टाकतेस गं! काय झालं?"

"सांगते. पण आधी सांग, तू कुठे बसलीस? दिवा लावलायस?"

"खोलीत आहे. लावलाय की. एकटीला अंधारात बसवत नाही मला."

आईलाही तसंच वाटत असेल, हे टाचणीच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आई, तो बंद कर," ती म्हणाली. "घाबरू नकोस. मी आहे ना फोनवर. तुला अंधारात दिसणारी एक गोष्ट सांगायचीय."

पलीकडे बटणाचा आवाज झाला. टाचणीने हात लांब करून कार्यालयातला लाल दिवाही विझवला.

"केला बंद," आई म्हणाली. "आता सांग."